कमाई आणि किल्ली

कमाई आणि कमाईवरचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटे उठून गोठा आवरणारी, दिवसभर शेतात निंदणी-खुरपणी करणारी आणि संध्याकाळी डेअरीत दूध घालणारी बाई कमावतेच. पण दुधाचे पैसे कशाला खर्च करायचे, म्हैस विकायची की ठेवायची, मुलीला दहावीनंतर शिकवायचे की नाही, हे ठरताना तिला कोणी विचारेलच असे नाही. विकसनशील देशांतील स्त्रियांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

नायला कबीर या बांगलादेशी वंशाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये या संकल्पनेची तीन अंगे वेगळी करून दाखवली. पहिले अंग साधनांचे: जमीन, भांडवल, शिक्षण, कौशल्य. दुसरे निर्णयशक्तीचे: या साधनांचा वापर स्वतःच्या मर्जीने करता येणे. तिसरे फलिताचे: त्यातून आयुष्यात प्रत्यक्ष काय बदलले. गेल्या काही दशकांत जगभर झालेले प्रयोग या तीन कसोट्यांवर तपासले, तर काही पहिल्या पायरीवर अडकलेले दिसतात आणि काही तिसरीपर्यंत पोचलेले.

न मोजलेले काम

स्त्रियांचे श्रम अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फार उशिरा आले. एस्टर बोसरप या डॅनिश विदुषीचा आर्थिक विकासातील स्त्रीच्या भूमिकेवरचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या मोठ्या भागात अन्नधान्याची शेती मुख्यतः बायका करतात, पण वसाहती राजवटींनी जमिनीचे पट्टे, नगदी पिके आणि शेतीचे प्रशिक्षण पुरुषांच्याच हाती दिले, असे तिने त्यात दाखवून दिले. म्हणजे 'विकास' आला आणि बाईचे स्थान उलट खाली गेले.

भारतात हे श्रम मोजण्याचे अलीकडचे साधन म्हणजे वेळेच्या वापराची पाहणी. २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. स्वयंपाक, पाणी भरणे, लहानग्यांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे या कामांना मजुरी नाही, त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नात ती धरली जात नाहीत. पण बाईच्या दिवसातले पावणेपाच तास घरकामातच जातात, हे कोणत्याही योजनेला विसरून चालत नाही.

श्रमबाजारातील सहभागाचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील भारतीय स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी दिसते. मात्र तिचा बराचसा भाग ग्रामीण आणि स्वयंरोजगारातला आहे, आणि स्वयंरोजगाराच्या या खान्यात घरच्या शेतीत वा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही मोजल्या जातात. काम वाढले म्हणून हाती पैसा वाढला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

मालक नसलेल्या कामगारांची संघटना

विकसनशील देशांत बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना नेमणूकपत्र नाही, ठरलेला मालक नाही, हजेरीपट नाही. अशा बायकांना कामगार म्हणून मान्यता मिळवून देण्याचा पहिला मोठा प्रयोग अहमदाबादेत झाला. इला भट्ट या मजूर महाजन या कापड कामगार संघाच्या महिला विभागाच्या प्रमुख होत्या. कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या, चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांना एकत्र करून त्यांनी 'सेवा' ही संघटना बांधली. तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला कामगार खाते तयार नव्हते. मालकच नाही तर लढणार कोणाशी, हा खात्याचा प्रश्न होता. संघटना कोणाच्या विरोधासाठी नसते, कामगारांच्या एकीसाठी असते, ही भूमिका सेवाने लावून धरली आणि एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी मिळाली. आज तिची सदस्यसंख्या २० लाखांच्या पुढे आहे.

संघटनेतूनच बँकेची गरज पुढे आली. हातगाडीवाली सकाळी सावकाराकडून पैसे घेई, संध्याकाळी व्याजासह परत करी, आणि दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा तिथेच जाई. राष्ट्रीयीकृत बँकांत अंगठेबहाद्दर बाईला कोणी उभे करीत नसे. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. सहीचा प्रश्न पासबुकावर छायाचित्र लावून सोडवण्यात आला.

त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात वेगळ्या वाटेने हेच घडत होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून चाळीतल्या खोल्यांत राहत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या करीत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक होई, पैसे मात्र महिन्याच्या पगाराला मिळत. तोवर वाण्याकडून उधारीवर आणि सावकाराकडून व्याजाने घेऊन चूल पेटती ठेवावी लागे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांच्या गटाने एकमेकींना जामीन राहावे आणि त्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज द्यावे, अशी त्याची रचना होती. बचत गट हा शब्द रूढ होण्याआधी जवळजवळ दोन दशके मुंबईत ही पद्धत चालू झाली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांबरोबर खानावळींची गिऱ्हाइकेही गेली, पण खानावळवाल्यांना तोवर बँकेचे दार माहीत झाले होते.

लिज्जत पापडाची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातला मालकीचा भाग कमी सांगितला जातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार बायका आहेत. सकाळी केंद्रातून मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी वजन करून लाटणीचे पैसे घ्यायचे, असे काम चालते. पण लाटणारी ही मजूर नसून सहमालक असते. नफा-तोटा सगळ्या बहिणींत वाटला जातो, सभासदत्व फक्त स्त्रियांना मिळते आणि शाखा चालवणारी संचालिकाही लाटणाऱ्यांमधूनच येते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्यांना, ज्यांत बहुसंख्य बायका आहेत, आधी ओळखपत्र मिळवून दिले. त्या ओळखपत्रामुळे उकिरड्यावर फिरणारी संशयित ही ओळख पुसली जाऊन 'काम करणारी' ही नोंद झाली. पुढे याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. या चारही उदाहरणांत कर्ज किंवा अनुदान नंतर आले. आधी बायका एकत्र आल्या आणि कामाला नाव मिळाले.

पेटी आणि तिची तीन कुलुपे

गरीब स्त्रीला तारण नसल्याने बँक कर्ज देत नाही. या अडचणीवर जगभर निघालेला तोडगा म्हणजे गट. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोबरा गावात ४२ जणांना मिळून ८५६ टाका उसने दिले. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक जन्मली. पाच-पाच जणींचा गट, आठवड्याची बैठक आणि लहान हप्ते ही तिची पद्धत. कर्जदारांत स्त्रियांचे प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास पोचले. बँकेचे बहुतांश भाग कर्जदारांकडेच होते आणि संचालक मंडळावर त्यांनी निवडलेल्या नऊ जणी बसत. २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस आणि बँक यांना विभागून मिळाले.

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशात, मराडी भागात, १९९१ मध्ये केअर या संस्थेने आणखी साधी रीत बसवली. तिथे बाहेरून पैसा आणलाच नाही. पंधरा-वीस जणी दर आठवड्याला ठरलेली रक्कम एका लोखंडी पेटीत टाकतात, त्यातूनच आपसांत कर्ज देतात आणि वर्षाअखेरीस व्याजासह जमा वाटून घेतात. पेटीला तीन कुलुपे असतात. तीन किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीकडे, त्यामुळे भरल्या बैठकीशिवाय पेटी उघडत नाही. महाराष्ट्रातल्या भिशीशी हिचे नाते लगेच ध्यानात येते. फरक एवढाच की इथे हिशेब सगळ्यांसमोर होतो आणि कर्जावरचे व्याज सगळ्यांच्या खिशात परत येते. ही पद्धत पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत पसरली.

भारतात नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडून बचत गटांची चळवळ सुरू केली. गट दहा ते वीस जणींचा, आणि नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड व नियमित हिशेब ही त्याची पंचसूत्री. गटाची पत दिसली की बँक तारणाशिवाय कर्ज देते. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली आज देशातील सुमारे १० कोटी कुटुंबे अशा गटांत आहेत. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि २०११ पासूनचे उमेद अभियान हे काम पाहतात. गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी त्याची उतरंड आहे. बँक सखी, कृषी सखी, पशु सखी ही नावे आता खेड्यात नवी राहिलेली नाहीत.

केरळने १९९८ मध्ये सुरू केलेल्या कुटुंबश्रीने गटांना स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडले. शेजारगट, प्रभाग आणि पंचायत अशा तीन पातळ्यांवर तिच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका होतात. सभा चालवणे, इतिवृत्त लिहिणे, मत मागणे या गोष्टी बायका इथे शिकतात आणि त्यांतल्या अनेक जणी पुढे पंचायतीच्या निवडणुकीत उतरतात. गटाचा हा दुसरा उपयोग कर्जापेक्षा कमी मोलाचा नाही.

कर्ज तिच्या नावावर, पैसा कोणाकडे?

लघुकर्जाचा गाजावाजा सुरू असतानाच काही अभ्यासकांनी अडचणीचे प्रश्न विचारले. अॅन मारी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बांगलादेशातील अडीचशेच्या आसपास कर्जे तपासली. कर्जे घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के जणींचाच त्या पैशावर पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा होता. बाकीच्यांचा ताबा अर्धवट, नाममात्र किंवा मुळीच नव्हता. पैसा नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या पुरुषाने वापरायचा आणि हप्त्यासाठी बाईने बैठकीत मान खाली घालून बसायचे, असा तो प्रकार होता.

श्रीलंकेतील छोट्या व्यावसायिकांना दिलेल्या अनुदानाच्या प्रयोगातही असेच कोडे दिसले. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा वाढला नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण श्रीलंका, घाना आणि भारतातील माहिती पुन्हा तपासल्यावर २०१९ मध्ये वेगळेच चित्र पुढे आले: बाईच्या नावाने आलेले भांडवल घरातल्या पुरुषाच्या धंद्यात वळत होते. ज्या घरात बाईचाच एकमेव धंदा होता, तिथे तिचा नफाही पुरुषांइतकाच वाढला होता.

हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लघुकर्जाने काही जणांच्या धंद्याला हातभार लागला, पण घरातल्या निर्णयांत स्त्रीचे वजन वाढल्याचे आढळले नाही. त्याआधी २०१० मध्ये आंध्र प्रदेशात नफ्यासाठी चालणाऱ्या लघुवित्त कंपन्यांनी एकाच घरावर अनेक कर्जे चढवली, वसुलीची जबरदस्ती झाली आणि राज्य सरकारला कायदा करून हस्तक्षेप करावा लागला. बायकांची परतफेडीची सचोटी हे कंपन्यांच्या दृष्टीने तारण ठरले होते. आपसांतल्या बचतीवर उभा राहिलेला गट आणि वसुलीपुरता बांधलेला गट बाहेरून सारखेच दिसतात. त्यांचा परिणाम मात्र सारखा होत नाही.

स्वतःचे खाते

सातारा जिल्ह्यातील माण हा कायमचा दुष्काळी तालुका. तिथल्या म्हसवड गावात चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढण्याचा अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या, हे कारण होते. बायकांनी आधी लिहा-वाचायला शिकण्याचे वर्ग लावले आणि नंतर थेट अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले: कोणत्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी ते गणकयंत्राशिवाय करून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. बँक चालू झाल्यावर बायकांनी मांडलेली पुढची अडचण अधिकच बोलकी होती. पासबुक घरी ठेवले की नवऱ्याला शिल्लक कळते आणि पैसे मागितले जातात. बँकेने त्यावर दारात जाऊन व्यवहार करण्याची आणि पासबुकाऐवजी कार्डाची सोय केली.

खाते कोणाच्या नावावर आहे याने खरोखर फरक पडतो का, याची चाचणी मध्य प्रदेशात घेतली गेली. रोजगार हमीवर काम बाई करी, पण मजुरी बहुधा कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जाई. काही पंचायतींत बायकांना स्वतःचे खाते, त्यात थेट मजुरी आणि खाते वापरण्याचे प्रशिक्षण असे तिन्ही देण्यात आले. त्या बायका अधिक दिवस कामावर जाऊ लागल्या, हमीच्या कामावर आणि खाजगी कामावरही. नुसते खाते उघडून दिलेल्यांत इतका बदल दिसला नाही. आज भारतातील जनधन खात्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या नावावर आहेत आणि २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये बाईच्याच खात्यात जमा होतात. अशा वेळी खाते वापरता येणे ही बाब मध्यवर्ती ठरते.

केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरील पैशाच्या सेवेचा अनुभव याच दिशेचा आहे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्याच्या बाहेर आली आणि १ लाख ८५ हजार स्त्रिया पोटापुरत्या शेतीकडून व्यापार-धंद्याकडे वळल्या. फोनमधली शिल्लक फक्त तिलाच दिसत होती, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

पगारी नोकरी

बचत गट आणि घरगुती उद्योग यांच्यापलीकडे स्त्रियांच्या आयुष्यात मोठा बदल घडवणारी गोष्ट म्हणजे नियमित पगार. बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या उद्योगात सुमारे ४० लाख कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुली जास्त वर्षे शाळेत राहतात आणि त्यांची लग्ने व पहिली बाळंतपणे उशिरा होतात, असे अभ्यासांत दिसले. शिलाई मशीनवर बसायला आकडेमोड आणि अक्षरओळख लागते, हे आईबापांना कळले होते.

याच उद्योगाची दुसरी बाजू २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये दिसली. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसूनही कामगारांना आत बोलावले गेले आणि राना प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे दगावली. मशीनवर बायका आणि देखरेखीला पुरुष, अशी विभागणी असलेल्या कारखान्यांत 'आज आत जायचे नाही' असे म्हणण्याची ताकद त्या बायकांच्या हाती नव्हती. पगार होता, संघटना आणि अधिकाराची जागा नव्हती.

सातबाऱ्यावरचे नाव

शेतीप्रधान देशांत सगळ्यात टिकाऊ साधन म्हणजे जमीन. भारताच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार वहिवाटीच्या खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावरची सुमारे १४ टक्के होती. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांसाठी बाईला दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहावे लागते. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याच्या पत्नीला याचा अनुभव सर्वाधिक कठोरपणे येतो.

या प्रश्नाला महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने फार लवकर हात घातला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला तिचे स्त्रियांचे विराट अधिवेशन झाले. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर घरे असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. राज्य शासनाने १९९२ मध्ये परिपत्रक काढून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची वाट मोकळी केली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. देशपातळीवर ती २००५ मध्ये झाली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. कायदे झाले तरी भावाला हक्कसोडपत्र लिहून देणारी बहीण आजही शहाणी समजली जाते.

मालमत्तेचा परिणाम केवळ उत्पन्नावर होत नाही. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमध्ये केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घर किंवा जमीन काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी शारीरिक मारहाण सोसली होती. जमीन असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असणाऱ्यांत १० टक्के आणि दोन्ही असणाऱ्यांत ७ टक्के होते. बाहेर पडले तर जायला जागा आहे, ही जाणीव घरातल्या वागणुकीवर परिणाम करते. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने घरबांधणी कर्जासाठी जागा बाईच्या नावावर असण्याची अट घातली, तर इथिओपियाच्या काही प्रांतांत जमिनीच्या प्रमाणपत्रावर पतिपत्नी दोघांची नावे आणि छायाचित्रे लावली गेली. दोन्हीकडे हेतू तोच होता.

पंचायतीची खुर्ची

आर्थिक अधिकार टिकवायचा तर सार्वजनिक निर्णयांतही जागा लागते. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने महाराष्ट्रात काही ठिकाणी सर्व जागांवर बायकाच उभ्या केल्या. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा ही त्यांतली नावे. त्यानंतर चार वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. बिहारने २००६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. देशात आज सुमारे १४ लाख स्त्रिया पंचायतींत निवडून आलेल्या आहेत.

सरपंचपदाचे आरक्षण फिरते असल्यामुळे त्याचा परिणाम नेमका तपासता आला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींची तुलना झाली. जिथे प्रमुख स्त्री होती तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, कारण गावातल्या बायकांच्या तक्रारींत पाणी वरच्या क्रमांकावर होते. २०१२ च्या आणखी एका अभ्यासात बंगालमधील ज्या गावांत दोन वेळा स्त्री प्रमुख झाली, तिथे मुलींच्या शिक्षणाबद्दल आईबापांच्या आणि मुलींच्या स्वतःच्या अपेक्षा वाढल्या, आणि मुलगे-मुली यांच्या शिक्षणातले अंतर बुजले.

खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा, हा 'सरपंचपती'चा प्रकारही तितकाच खरा आहे. पण पहिल्या मुदतीत सहीपुरती असलेली बाई दुसऱ्या मुदतीत प्रश्न विचारू लागते, असाही अनुभव आहे. गटात हिशेब ठेवलेल्या बाईला तर ग्रामनिधीचा हिशेब नवा नसतो. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभासदांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती सभा खरोखर भरते की रजिस्टरमध्येच भरते, यावर तिचा उपयोग ठरतो.

रवांडाने २००३ च्या राज्यघटनेत निर्णयसंस्थांत स्त्रियांना किमान ३० टक्के जागा दिल्या. २००८ मध्ये स्त्रियांचे बहुमत असलेले जगातील पहिले कनिष्ठ सभागृह तिथे आले आणि २०१३ मध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांवर गेले. १९९४ च्या नरसंहारानंतर विधवांची संख्या प्रचंड होती. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला, त्यामागे स्त्रियांच्या संघटनांचा रेटा होता. मात्र त्या देशात सत्ता राष्ट्राध्यक्षांभोवती एकवटलेली आहे, आणि संसदेतील संख्या म्हणजे सत्तेतला वाटा असे समीकरण तिथे मांडता येत नाही. भारतात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या.

मोजण्याची रीत

या सगळ्या अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. कर्ज हे एक साधन आहे. एकट्याच्या बळावर ते घरातला अधिकार बदलत नाही. स्वतःचे खाते, मालमत्तेवरचे नाव, संघटना आणि सार्वजनिक पद ही चार अंगे एकमेकांना आधार देतात, आणि त्यांतले एक निसटले की बाकीची लंगडी होतात. घरकाम आणि मुलांचे करणे यांचा भार हलका झाल्याशिवाय यांतले काहीच पेलत नाही. म्हणून पाळणाघर, नळाचे पाणी, गॅस आणि सुरक्षित प्रवास या आर्थिक सक्षमीकरणाच्याच योजना आहेत, मग त्यांवर कोणत्याही खात्याचा शिक्का असो.

शासकीय अहवालांत यश बहुधा स्थापन झालेल्या गटांच्या आणि वाटलेल्या कर्जाच्या आकड्यांनी मोजले जाते. गावातल्या स्त्रियांची खरी स्थिती सांगणारे कागद वेगळे आहेत: तलाठ्याकडचा सातबारा, बँकेचे पासबुक आणि ग्रामसभेचे इतिवृत्त. पहिल्यावर नाव कोणाचे आहे, दुसऱ्यातले पैसे कोणी काढले आणि तिसऱ्यात कोणाचे म्हणणे नोंदले गेले, एवढे पाहिले तरी कमाई कोणाची आणि किल्ली कोणाची, याचे उत्तर मिळते.